गिअरबॉक्सचा कान कुठाय?



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काहीजणी रेडिओ बंद करतील, पण थोडं थांबा. आज मी ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान आणि ते दाखवणारं, बाहेरून बसवून घ्यायचं मीटर याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई हप्ते, व्याज, जमाखर्च सोडून मेकॅनिक कधी झाली? झाले नाही. मी साधी बी.ए., तेही मराठी घेऊन. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाडीचं बॉनेट कुठून उघडतात हेही मला माहीत नव्हतं. पण आमच्या एका गटाचं कर्ज या तेलामुळे थकलं, तेव्हा शिकावं लागलं.

झालं असं. आमच्या वाई भागातल्या एका गटातल्या ताईंनी बँकेचं कर्ज आणि गटाचं अंतर्गत कर्ज मिळून एक जुनी सात आसनी गाडी घेतली, टुरिस्ट परवान्यावर चालवायला. ताई स्वतः चालवतात. लहानपणी त्यांच्या डाव्या पायाचा घोटा मोडला होता, त्यामुळे दिवसभर क्लच दाबणं जमत नाही. म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली. क्लचचं पेडलच नाही, डाव्या पायाला आराम. पुण्या-मुंबईहून आलेली बायकामाणसं बाई ड्रायव्हर बघून खूश व्हायची, धंदा चांगला लागला.

मग मे महिना आला. सुट्टीच्या शनिवारी पसरणीच्या घाटात काय होतं हे वाईकरांना सांगायला नको. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. म्हणजे दहा-बारा किलोमीटरांत ६०० मीटरची चढण, आणि त्यात गाडीला गाडी लागलेली. सात माणसं, टपावर बॅगा, एसी चालू. ताई दीड तास त्या रांगेत इंच इंच वर सरकत होत्या. इंजिनाचा काटा बरोबर मध्यावर होता, एकदाही हलला नाही. त्यामुळे सगळं ठीक आहे असंच त्या धरून चालल्या. असं चार शनिवार झालं. पाचव्या खेपेला गाडीतून काहीतरी करपल्याचा वास आला. गिअर बदलताना धक्के बसायला लागले. मग तर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी उचलायचीच नाही.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचा खालचा ट्रे उघडला तर आतलं तेल काळं. आतल्या क्लचच्या प्लेटा जळलेल्या. बिल ८२ हजार. आणि गाडी सव्वा महिना उभी, तीही ऐन हंगामात. बँकेचे तीन हप्ते चुकले, गटाचे चार. गटाकडे पैसा परत आला नाही, म्हणून एका वहिनींच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठरलेलं कर्ज आम्हाला पुढे ढकलावं लागलं. त्या बैठकीत जो अबोला होता तो मी विसरलेले नाही. कोणी ताईंना दोष दिला नाही, पण कोणी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

ताईंचं एकच म्हणणं होतं. "मला कळलं असतं तर मी थांबले असते. काटा तर मधोमध होता."

ते खरंच होतं. आज मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. डॅशबोर्डवरचा तो काटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान दाखवतो. गिअरबॉक्सच्या तेलाचं नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच असा बनवलेला असतो, की तापमान दहा-वीस अंश इकडेतिकडे झालं तरी मध्यावरून हलू नये, चालवणाऱ्याला उगाच घोर नको. इंजिन ठीक असताना गिअरबॉक्स आत उकळत असू शकतो.

आता हे तेल तापतं कशानं? साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते, ती चिकटली की दोन्ही एकत्र फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. कल्पना करा, दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवलेत. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरायला लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. आता दुसऱ्या फॅनची पाती तुम्ही हाताने धरून ठेवलीत तर? पहिला फिरतच राहणार आणि त्याची सगळी मेहनत तेल नुसतं घुसळण्यात जाणार. घुसळलेलं तेल तापतं. चढावर, भरल्या गाडीत, इंच इंच सरकताना नेमकं हेच होतं. सपाट रस्त्यावर वेग आला की कन्व्हर्टरमधला एक क्लच दोन्ही पंख्यांना एकमेकांशी बांधून टाकतो, त्याला लॉक-अप म्हणतात. तेव्हा घुसळणं थांबतं आणि तेल शांत होतं. म्हणजे महामार्गावर ऐंशीने पळणाऱ्या गाडीपेक्षा घाटात पाचने रांगणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स जास्त तापतो. आपल्याला वाटतं त्याच्या उलट.

हे तेल नुसतं वंगण नाही, हे मला मिस्त्रींनी समजावलं. (साताऱ्याचे एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांनी माझ्या प्रत्येक अडाणी प्रश्नाला उत्तर दिलं.) तेच तेल जोर पोचवतं, तेच दाबाने आतल्या क्लचच्या प्लेटा दाबतं, तेच वंगण करतं आणि उष्णताही तेच बाहेर नेतं. रंग लाल असतो, तो मुद्दाम घातलेला. इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये आणि गळती लगेच ओळखू यावी म्हणून. आणि एक गंमत सांगते. अमेरिकेत पूर्वी या तेलात देवमाशाचं तेल मिसळायचे. १९७० नंतर देवमासे वाचवण्यासाठी त्यावर बंदी आली, मग कंपन्यांना दुसरी रसायनं शोधावी लागली. वाईच्या घाटातली गाडी आणि समुद्रातला देवमासा यांचा असा संबंध असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

तळणाचं तेल तुम्हाला माहीतच आहे. पुन्हापुन्हा तापवलं, धूर येईपर्यंत तापवलं, की ते काळं पडतं, दाट होतं आणि कढईला चिकट थर बसतो. गिअरबॉक्सच्या तेलाचंही तसंच. जुने मिस्त्री एक ठोकताळा सांगतात: ८० अंशाच्या आसपास तेल वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यापुढे दर दहा-अकरा अंश वाढले की त्याचं आयुष्य निम्मं होतं. साधारण ११५ च्या वर राहिलं की आत चिकट थर बसायला लागतो. १२५-१३० च्या पुढे रबरी सील कडक व्हायला लागतात. १४५-१५० ला प्लेटा घसरायला लागतात, आणि घसरल्या की आणखी उष्णता. हे आकडे जुन्या साध्या तेलाचे आहेत. आताची सिंथेटिक तेलं थोडं जास्त सहन करतात. पण दिशा तीच.

या सगळ्यात वास शेवटी येतो. वास आला म्हणजे काम होऊन गेलेलं असतं.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, एक मीटर मिळतं, ते बसवलं तर तेलाचं तापमान समोर दिसेल, मिस्त्री म्हणाले सगळं मिळून साडेतीन हजारांपर्यंत जाईल. लगेच कुरबुर सुरू झाली. आधीच ८२ हजार गेलेत, आता हे आणखी कशाला? तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आक्का, ज्यांच्या दारात अजून दोन म्हशी आहेत, त्या म्हणाल्या, "मुक्या जनावराला ताप आला तर आपण कानाला हात लावून बघतो. ह्याचा कान कुठाय?" सगळ्या हसल्या, आणि खर्च मंजूर झाला.

खरं तर कान कुठाय हाच या मीटरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मीटर विकणारा तुम्हाला डब्यात गोल तबकडी, एक सेन्सर आणि वायर देतो. सेन्सर कुठे बसवायचा ते तुम्ही आणि मिस्त्री ठरवता. त्याच्या तीन जागा आहेत. पहिली, गिअरबॉक्सच्या खालचा ट्रे, जिथे तेल साठतं. इथे सगळ्या तेलाचं सरासरी तापमान कळतं, आकडा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. दुसरी, गिअरबॉक्समधून गरम तेल कूलरकडे नेणारी नळी. इथे घुसळून निघालेलं ताजं तेल लागतं, त्यामुळे एखाद्या चढावर आकडा झटकन १३० वर जाऊन झटकन खाली येऊ शकतो. आणि तिसरी, कूलरमधून परत येणारी नळी, तिथे थंड झालेलं तेल लागतं. म्हणजे एकाच वेळी, एकाच गाडीत, तीन ठिकाणी तीन आकडे. नळीवर १२५ दिसणं आणि ट्रेमध्ये १२५ दिसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रेमध्ये १२५ म्हणजे सगळंच तेल तेवढं तापलंय. कोणी तुम्हाला सांगितलं, "माझ्या गाडीत १२० येतं, काही होत नाही", तर आधी विचारा, सेन्सर कुठाय?

आम्ही ट्रे निवडला. प्लेटा आणि सील ज्या तेलात बसलेत त्याचं सरासरी तापमान हवं होतं. फक्त एक काळजी घेतली. काही लोक ट्रेच्या ड्रेन बोल्टच्या जागीच सेन्सर लावतात, स्वस्तात काम होतं. पण तो खाली लोंबतो, आणि आमच्या गावाकडच्या रस्त्यांवर दगड लागून तुटला तर सगळं तेल रस्त्यावर. म्हणून मिस्त्रींनी ट्रेच्या बाजूला आटे असलेलं बुच वेल्ड करून घेतलं. ट्रे काढून, रिकामा करून, धुऊन मगच वेल्डिंग. आणि सेन्सर आत इतकाच जाईल की गाळणीला लागणार नाही, हे बघून.

बसवायच्या आधी आम्ही एक उद्योग केला, तो मला फार आवडला. आमच्या गटात स्ट्रॉबेरीचा जॅम होतो. जॅम कधी झाला हे थर्मामीटरवर बघतात. पुस्तकात १०५ अंश लिहिलेलं असतं, पण ते समुद्रकाठचं. उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. वाईत ते साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं, म्हणून आमचा जॅम १०२ लाच होतो. पहिल्या वर्षी १०५ ची वाट बघत एक अख्खी कढई करपवली होती, तेव्हापासून हे पाठ आहे. तर मिस्त्रींनी मीटर एका सुट्या बॅटरीला जोडलं, आम्ही पातेल्यात पाणी उकळलं, आणि जॅमचा थर्मामीटर आणि गाडीचा सेन्सर दोन्ही त्यात बुडवले. थर्मामीटर साडेसत्त्याण्णव. मीटर १०१. म्हणजे मीटर तीन-साडेतीन अंश जास्त दाखवतं. मग आम्ही तबकडीच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून ठेवलं, "३ वजा". मीटर महाग की स्वस्त यापेक्षा ते किती चुकतं हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

या सेन्सरच्या आत एक बारीक मणी असतो. तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, आणि त्यावरून मीटर आकडा काढतं. त्यामुळे मीटर एका कंपनीचं आणि सेन्सर दुसऱ्या कंपनीचा असं चालत नाही. आकडा दिसतो पण खोटा. दुसरं, एकाच वायरीच्या सेन्सरचं दुसरं टोक म्हणजे गिअरबॉक्सचं धातूचं अंगच. आट्यांवर प्लंबर लावतात तशी पांढरी टेप भरपूर गुंडाळली तर तो संपर्क तुटू शकतो आणि मीटर भलतंच दाखवतं. मिस्त्रींनी सीलचा पातळ लेप लावला, टेप नाही. वायर चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घेतली, स्वतंत्र छोटा फ्यूज घालून. आणि वायर सायलेन्सरच्या नळीपासून लांबून आणली. यातलं काहीही मिस्त्रींनी घाईत उरकायचं म्हटलं तर ताई, काकू, तुम्ही तिथे उभ्या राहा. आपल्याला कळत नाही असं त्यांना वाटू देऊ नका.

आता एक स्वस्तातली वाटही सांगते, कारण सगळ्यांना वेल्डिंग करायची गरज नाही. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये तेलाचं तापमान मोजणारा सेन्सर कंपनीनेच आत बसवलेला असतो. गाडीचा संगणक ते वाचतो, फक्त तुम्हाला दाखवत नाही. स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. तिथे छोटं यंत्र खोचलं आणि मोबाइलवर ॲप घेतलं, तर काही गाड्यांत तो आकडा दिसतो. काही गाड्यांत दिसत नाही, कारण गिअरबॉक्सच्या तेलाचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठेवते आणि साध्या ॲपला तो सापडत नाही. इथे एक फसगत होते. ॲपवर "कूलंट" म्हणून जो आकडा येतो तो पुन्हा इंजिनाच्या पाण्याचाच. तो बघून निर्धास्त राहाल तर पुन्हा ताईंसारखंच होईल. आमच्या गाडीत ॲपने तेलाचा आकडा दाखवला नाही, म्हणून आम्ही मीटरकडे वळलो. तुम्ही आधी गॅरेजच्या स्कॅनरवर बघून घ्या.

मीटर बसल्यावर मी ताईंना एक वही दिली. हिशोबाच्या वह्यांतलीच एक. म्हटलं, महिनाभर नुसतं लिहा, काही ठरवू नका. ३ वजा करून लिहिलेले आकडे असे. सकाळी घरून निघून सुरूर फाट्यापर्यंत, सत्तरच्या आसपास. महामार्गावर साताऱ्याला जाऊन येताना, ८२ ते ८६, हलतच नाही. मोकळा पसरणी घाट, चार माणसं, ९५. भरलेली गाडी, एसी चालू, रविवारची गर्दी, १०८ ते ११२. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पार्किंग शोधत फिरताना, १००, आणि हे कोणाला वाटलंही नव्हतं. खाली उतरताना ९० च्या खाली.

ही वही मला मीटरपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण आता ताईंना स्वतःच्या गाडीचा नेहमीचा आकडा माहीत आहे. गाडीचं तेल रेडिएटरमधल्या कूलरमधून फिरतं आणि रेडिएटरचं पाणीच नव्वदच्या आसपास असतं, त्यामुळे ८० ते ९५ ही या तेलाची रोजची जागा. उद्या मोकळ्या महामार्गावर १०० दिसले, तर तो आकडा तसा धोक्याचा नाही, पण ताईंना लगेच कळेल की काहीतरी बदललंय. तेल कमी झालं असेल, कूलरची जाळी चिखलाने बुजली असेल, नाहीतर लॉक-अप लागत नसेल.

आणि आकडा वाढला तर करायचं काय? ताईंनी ११० ही आपली रेघ ठरवली आहे. तिथे एसी बंद, आणि गिअर "डी" वरून खाली, "२" नाहीतर "एल". खालच्या गिअरमध्ये इंजिन थोडं जास्त ओरडतं, पण तेल कमी घुसळलं जातं. पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटून दर दोन फुटांनी सरकायचं नाही. ब्रेक लावून उभं राहायचं, मोकळी जागा झाली की एकदम पंधरा-वीस फूट जायचं. आणि सगळ्यात वाईट सवय, जी माझ्या भावालाही आहे, ती म्हणजे चढावर गाडी ब्रेकने न धरता ॲक्सिलरेटर दाबून जागच्या जागी तोलून धरणं. तेव्हा एक पंखा पूर्ण जोरात आणि दुसरा पूर्ण थांबलेला. मीटर समोर असेल तर बघा, आकडा डोळ्यांदेखत चढतो.

११८ ला थांबायचंच. थांबायचं म्हणजे रुंद जागा बघून, हँडब्रेक ओढून, गिअर "पी" मध्ये, आणि इंजिन चालू ठेवून. इथे बहुतेकजणी चुकतात. गाडी तापली की पहिला हात चावीकडे जातो. पण तेल फिरवणारा पंप इंजिनावरच चालतो. इंजिन बंद केलं की तेल जिथल्या तिथे राहतं, कूलरपर्यंत पोचतच नाही. इंजिन चालू, ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय, आरपीएम हजार-बाराशे, आणि आठ-दहा मिनिटं. (इंजिनाच्या पाण्याचा काटाच लाल रेघेला गेला तर गोष्ट वेगळी, तेव्हा इंजिन बंद करावं लागतं.) आणि उतारावर गाडी थंड व्हावी म्हणून "एन" मध्ये सोडायची नाही, कधीच नाही. इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो.

मागच्या ३१ डिसेंबरला हे खरं करून बघायची वेळ आली. घाट गच्च भरलेला. दत्तमंदिराच्या वरच्या वळणांवर मीटर ११९. ताईंनी रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. पाहुणे चिडले, एक गृहस्थ म्हणाले, गाडी चालत असताना थांबवता कशाला? ताईंनी त्यांना तबकडी दाखवली. बारा मिनिटांनी ९९ वर आलं आणि निघाले. त्या गृहस्थांनी ठरलेल्या भाड्यातले दोनशे रुपये कापून घेतलेच. ताईंनी वहीत तेही लिहिलं: "११९, १२ मि., -२००".

आणखी एक गोष्ट, जिच्यावर माझा राग आहे. गाडी घेतली तेव्हा ताईंना सांगितलं गेलं होतं, की गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" आहे, बदलायचं नसतं. कोणाचं लाइफटाइम? पहिल्या मालकाचं. घाटात भाड्याने चालणाऱ्या गाडीला ते लागू नाही. मिस्त्रींनी दर ४० हजार किलोमीटरला बदलायला सांगितलंय, आणि तेही गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या नेमक्या प्रकारचंच. ड्रेन केल्यावर सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा बदलायचं. तेलाची पातळीही ठरावीक तापमानालाच बघायची असते. गरम तेल फुगतं, आणि थंड गाडीत "बरोबर" दिसणारी पातळी गरम झाल्यावर जास्त भरते.

हे भाषण झाल्यावर केंद्रावर बरेच फोन आले. त्यातल्या काहींची उत्तरं इथे देते.

एका काकूंनी विचारलं, आमच्या स्कूटीलाही गिअर नाहीत, तिला हे मीटर लावायचं का? नाही. स्कूटरमध्ये रबरी पट्टा आणि दोन पुल्या असतात, कोरडं काम. हे लाल तेल तिथे नसतं.

बऱ्याचजणींच्या घरी छोटी ऑटोमॅटिक कार आहे, त्यांनाही हाच प्रश्न पडला. बघा, २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक आली, तिला एएमटी म्हणतात. आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. तिथे टॉर्क कन्व्हर्टर नाही, तेव्हा आजचं मीटर तिच्या कामाचं नाही. पण चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची सवय तिथेही महागात पडते, क्लच प्लेट घासून जाते. आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे माहीत नसेल तर पैसे खर्च करायच्या आधी गाडीचं पुस्तक उघडा.

आणि एका गटाने विचारलं, जुनी ऑटोमॅटिक घेताना काय बघायचं? गाडी निदान अर्धा तास चालवा, थोडा चढ येऊ द्या, कारण थंड गिअरबॉक्स आपलं दुखणं लपवतो. गरम झाल्यावर धक्के येतात का, "डी" टाकल्यावर गाडी दोन क्षण विचार करते का, ते बघा. तेलाची कांडी असेल तर पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टाका, आणि वास घ्या. लाल असेल तर उत्तम. तपकिरी असेल तर तेल बदलायच्या खर्चाएवढी किंमत कमी करायला सांगा. काळं आणि करपट वासाचं असेल तर दुसरी गाडी बघा, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

ताईंच्या गाडीचं तेल मागच्या महिन्यात बदललं. मी मुद्दाम गेले होते बघायला. टिपकागदावर ते डाळिंबाच्या दाण्यासारखं उतरलं, कडेला जरासा तपकिरी. गटाचे अजून सात हप्ते राहिलेत, आणि त्या वहिनींची मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.